‘नेक्स्ट’ दाबण्यापूर्वी : ‘इनो सेटअप’मध्ये नवे काय?

विशेष प्रतिनिधी

संगणकावर नवे सॉफ्टवेअर टाकताना आपण काय करतो? डाउनलोड केलेल्या फाइलवर दोनदा क्लिक करतो, विंडोजने विचारलेल्या प्रश्नाला ‘यस’ असे उत्तर देतो आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करीत मोकळे होतो. या अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर काय लिहिले होते, हे बहुतेकांना नंतर सांगता येणार नाही. मात्र संगणकाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच क्षण सर्वांत नाजूक असतो. कारण त्या एका ‘यस’बरोबर आपण अनोळखी व्यक्तीने लिहिलेल्या आज्ञावलीला आपल्या संगणकात हवे ते बदल करण्याची परवानगी दिलेली असते.

ही परवानगी मागणारा आणि तिचा वापर करणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘इन्स्टॉलर’. तो सहसा कोणी मुळापासून लिहीत नाही. इन्स्टॉलर तयार करून देणारी स्वतंत्र साधने असतात. ‘इनो सेटअप’ हे त्यांपैकी एक जुने आणि जगभर वापरले जाणारे साधन. ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’, ‘गिट फॉर विंडोज’ आणि चित्रसंपादनाचे मोफत सॉफ्टवेअर ‘गिम्प’ यांचे विंडोजवरील इन्स्टॉलर याच साधनाने बनविले जातात. म्हणजे नाव ऐकले नसले, तरी अनेकांच्या संगणकाशी त्याचा संबंध आलेला असतो. या साधनाच्या सहाव्या मालिकेत, २०१९ ते २०२५ या काळात, जे बदल झाले ते केवळ प्रोग्रॅमरांच्या सोयीचे नाहीत. ‘यस’ म्हणताना आपण नेमके कशाला होकार देतो, याच्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

इन्स्टॉलर करतो तरी काय?

एखादे सॉफ्टवेअर म्हणजे एक फाइल नव्हे. त्यात मुख्य प्रोग्रॅमबरोबर पूरक फाइली, चित्रे, मदतपुस्तिका असा बराच पसारा असतो. त्या योग्य फोल्डरमध्ये ठेवणे, डेस्कटॉपवर चिन्ह उमटविणे, विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त आवश्यक त्या नोंदी करणे आणि उद्या सॉफ्टवेअर काढून टाकायचे झाल्यास काय काय पुसायचे याची यादी जपून ठेवणे, ही सारी कामे इन्स्टॉलरची. एखाद्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये ‘अनइन्स००० डॉट ईएक्सई’ नावाची फाइल दिसली, तर बहुधा तो ‘इनो सेटअप’चा मागमूस समजावा. तिच्या जोडीला असलेल्या ‘डॉट डॅट’ फाइलमध्ये ही यादी असते.

‘इनो सेटअप’चे लेखक जॉर्डन रसेल. पहिली आवृत्ती १९९७ मध्ये आली. पुढे मार्टिन लान यांनीही या कामाचा मोठा भाग उचलला. साधनाची मूळ आज्ञावली सर्वांना पाहता येते. वापरण्याची पद्धत सुटसुटीत आहे. सॉफ्टवेअरचे नाव काय, कोणत्या फाइली कुठे ठेवायच्या, कोणती चिन्हे उमटवायची हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये विभागवार लिहायचे आणि ते साधनाकडे सोपवायचे. त्यातून सर्व फाइली आवळून भरलेली एकच सेटअप फाइल तयार होते. अधिक गुंतागुंतीचे काही करायचे असेल, तर ‘पास्कल’ भाषेतील सूचना त्यात जोडता येतात.

प्रशासकाचा हक्क हवाच कशाला?

सहाव्या मालिकेतील पहिला महत्त्वाचा बदल २०१९ मधला. पूर्वी ‘इनो सेटअप’ने बनविलेला इन्स्टॉलर नेहमीच्या मांडणीत प्रशासकाचे, म्हणजे ‘अॅडमिनिस्ट्रेटर’चे हक्क मागत असे. कार्यालयात वा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ज्याच्याकडे हे हक्क नाहीत त्याची वाट तेथेच अडत असे. घरी मात्र याचा परिणाम उलटा होई. लहानसा कॅल्क्युलेटर टाकायलाही संपूर्ण संगणकाचा ताबा द्यावा लागे.

नव्या रचनेत सॉफ्टवेअरच्या लेखकाने मुभा ठेवली असेल, तर इन्स्टॉलर सुरुवातीलाच विचारतो : सर्वांसाठी टाकायचे की फक्त तुमच्यासाठी? ‘फक्त माझ्यासाठी’ असे निवडल्यास प्रशासकाचे हक्क न मागता फाइली त्या व्यक्तीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जातात. ‘सर्वांसाठी’ निवडल्यास त्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जातात. कोणती फाइल कुठे ठेवायची हे उत्तरानुसार आपोआप ठरते. सॉफ्टवेअरच्या लेखकाला दोन वेगळे इन्स्टॉलर बनवावे लागत नाहीत.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील फाइलींत बदल करायचा तर प्रशासकाचा हक्क लागतो. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील फाइलींना हे संरक्षण नसते. त्याच खात्यावर चालणारा एखादा घातक प्रोग्रॅम त्या कोणालाही न विचारता बदलू शकतो. त्यामुळे ‘फक्त माझ्यासाठी’ हा पर्याय संपूर्ण संगणकाला असलेला धोका कमी करतो. त्या एका सॉफ्टवेअरचे कवच मात्र थोडे पातळ होते.

मागाहून येणाऱ्या फाइलींवर विश्वास कसा ठेवायचा?

सीडीच्या काळात सॉफ्टवेअरचा सारा ऐवज एकाच तबकडीत असे. आता अनेक इन्स्टॉलर आकाराने लहान असतात आणि चालू झाल्यावर लागणाऱ्या फाइली इंटरनेटवरून आणतात. ‘इनो सेटअप’मध्ये यासाठी पूर्वी इतरांनी लिहिलेल्या पूरक प्रोग्रॅमांचा आधार घ्यावा लागे. २०२० मधील ६.१ आवृत्तीत ही सोय मूळ साधनातच आली.

मात्र जी फाइल मागवली तीच आली, हे कशावरून? वाटेत कोणी ती बदलली असेल तर? किंवा ज्या सर्व्हरवर ती ठेवली आहे त्यातच घुसखोरी झाली असेल तर? यासाठी ‘एसएचए-२५६’ या पद्धतीचा वापर होतो. या गणिती पद्धतीने कोणत्याही फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा काढता येतो. फाइलमधील एखादे अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. सॉफ्टवेअरच्या लेखकाने अपेक्षित ठसा इन्स्टॉलरमध्ये लिहून ठेवला असेल, तर आलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. जुळला नाही, तर फाइल नाकारली जाते.

या पद्धतीची अडचण अशी, की मागविल्या जाणाऱ्या फाइलची नवी आवृत्ती निघाली की ठसा बदलतो आणि इन्स्टॉलरही नव्याने बनवावा लागतो. हे टाळण्यासाठी कंटाळून ठशाची तपासणीच वगळण्याचा मोह होतो. २०२५ मधील ६.५ आवृत्तीने त्यावर स्वाक्षरीचा उपाय दिला. सॉफ्टवेअरचा लेखक चाव्यांची जोडी तयार करतो. खासगी चावी स्वतःपाशी ठेवतो आणि सार्वजनिक चावी इन्स्टॉलरमध्ये घालतो. फाइलची प्रत्येक नवी आवृत्ती तो खासगी चावीने स्वाक्षरित करतो. ही स्वाक्षरी फाइलसोबत एका छोट्या स्वतंत्र फाइलमध्ये असते. इन्स्टॉलर सार्वजनिक चावीच्या आधारे ती पडताळतो. आता मागविलेली फाइल कितीदाही बदलली, तरी स्वाक्षरी खऱ्या लेखकाची असेल तोवर इन्स्टॉलर तोच चालतो. सर्व्हरमध्ये घुसलेल्या चोराला फाइल बदलता येईल, पण खासगी चावी हाती नसल्याने स्वाक्षरी करता येणार नाही.

याच आवृत्तीत डाउनलोड आणि आवळलेल्या फाइली उलगडणे ही कामे फाइलींच्या साध्या यादीतच लिहिण्याची सोय झाली. पूर्वी त्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागे. सुरक्षित मार्ग सोपा झाला, की तो अधिक जण वापरतात. या बदलाचे महत्त्व त्यातच आहे.

संकेतशब्द, नवे प्रोसेसर आणि गडद पडदा

इन्स्टॉलरला संकेतशब्द लावून आतील फाइली कूटबद्ध करण्याची सोय पूर्वीपासून होती. ती ‘आरसी४’च्या धर्तीच्या जुन्या पद्धतीवर बेतलेली होती. ‘आरसी४’ इतकी कमकुवत ठरली, की सुरक्षित इंटरनेट जोडणीसाठी तिचा वापर २०१५ मध्येच निषिद्ध करण्यात आला. २०२५ च्या प्रारंभी आलेल्या ६.४ आवृत्तीने तिच्या जागी ‘एक्सचाचा२०’ ही आधुनिक पद्धत आणली. संकेतशब्दापासून चावी बनविण्याची प्रक्रियाही मुद्दाम वेळखाऊ केली. त्यामुळे एकामागून एक शब्द घालून पाहणाऱ्याचे काम अवघड होते.

२०२४ मधील ६.३ आवृत्तीचा भर ‘आर्म’ प्रोसेसरवर होता. या प्रोसेसरवरील विंडोज ११ नेहमीच्या ६४ बिट सॉफ्टवेअरला अनुकरणाच्या मार्गाने चालवू शकते. तरीही ‘हा संगणक माझ्या प्रकारातला नाही’ असे म्हणून जुने इन्स्टॉलर नकार देत. आता ‘६४ बिट सॉफ्टवेअर चालवू शकणारा कोणताही संगणक’ अशी अट लिहिता येते. २०२५ च्या उत्तरार्धातील ६.६ आवृत्तीने इन्स्टॉलरच्या खिडकीला गडद रूप दिले. विंडोजची मांडणी गडद असेल, तर खिडकीही तशीच उघडावी अशी सोय आता आहे.

देवनागरीची अडचण कशी सुटली?

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा एक बदल मात्र फारसा चर्चेत आला नाही. पाचव्या मालिकेत ‘इनो सेटअप’च्या दोन आवृत्त्या असत : एक जुन्या ‘आन्सी’ पद्धतीची आणि दुसरी युनिकोडची. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ‘आन्सी’ पद्धतीचा संकेतसंच कधीच नव्हता. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखकाने जुनी आवृत्ती वापरली, की मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहण्याची भीती असे. सहाव्या मालिकेत फक्त युनिकोड उरले. इन्स्टॉलरच्या खिडकीतील प्रत्येक वाक्य एका साध्या मजकूर फाइलमध्ये असते. तिचे मराठी भाषांतर करून जोडले, तर ‘नेक्स्ट’च्या जागी ‘पुढे’ हे बटण सहज दिसू शकते. ज्यांना इंग्रजी अटी वाचता येत नाहीत, ते न वाचताच होकार देतात. त्यांच्यासाठी ही शोभेची बाब नाही.

त्याच वेळी सहाव्या मालिकेने ‘विंडोज एक्सपी’चा आधार काढून घेतला. जुनी यंत्रे जपून वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

साधन चांगले, पण हेतू?

एवढे सारे असले, तरी साधनाच्या मर्यादा ओळखायला हव्यात. फाइल वाटेत बदलली नाही, एवढेच स्वाक्षरी आणि ठसा सांगतात. फाइल मुळात निर्धोक आहे, असे ते सांगत नाहीत. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीत घुसखोरांनी घातक आज्ञावली मिसळली. ती स्वाक्षरी होण्यापूर्वीच मिसळल्यामुळे फाइलवर कंपनीची अस्सल स्वाक्षरी होती. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांपर्यंत ती पोहोचली.

दुसरा प्रसंग २०१५ मधला. ‘सोर्सफोर्ज’ या संकेतस्थळाने ‘गिम्प’चा विंडोजवरील इन्स्टॉलर जाहिरातींच्या ऑफर दाखविणाऱ्या दुसऱ्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून वाटल्याचे उघड झाले. ‘गिम्प’च्या कार्यकर्त्यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला आणि टीकेनंतर तो प्रकार थांबला. आतला इन्स्टॉलर नीट होता, दोष बाहेरच्या वेष्टनात होता. पडद्यावरच्या ‘नेक्स्ट’ बटणावरून दोघांतला फरक ओळखणे सामान्य माणसाला कठीणच.

छोट्या सॉफ्टवेअर लेखकांची अडचण वेगळी आहे. विंडोजला ओळख पटेल अशी स्वाक्षरी करण्यासाठी अधिकृत संस्थेचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. जून २०२३ पासून त्याची खासगी चावी सुरक्षित उपकरणातच ठेवण्याचे बंधन आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच, पण खर्च आणि खटाटोप वाढला. त्यामुळे ‘अज्ञात प्रकाशक’ असा इशारा दिसला म्हणजे सॉफ्टवेअर वाईटच असते असे नाही. त्याचप्रमाणे ओळखीचे नाव दिसले म्हणजे ते चांगलेच असते, असेही नाही.

आपण काय करावे?

सॉफ्टवेअर शक्यतो मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे. सेटअप फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग आहे का आणि त्यात कोणाचे नाव आहे, हे पाहावे. निर्मात्याने ठसा प्रसिद्ध केला असेल तर विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने आपल्या फाइलचा ठसा काढून तो जुळतो का, ते तपासावे. ‘सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी’ असा प्रश्न आला, तर घाईने उत्तर देऊ नये. सामायिक संगणकावर आणि साध्या कामाच्या सॉफ्टवेअरसाठी बहुधा दुसरा पर्याय पुरेसा असतो. आणि अर्थातच, प्रत्येक ‘नेक्स्ट’पूर्वी आधीपासून खूण केलेले चौकोन वाचावेत. जाहिरातींची सॉफ्टवेअर बहुतेकदा तेथूनच शिरतात.

‘इनो सेटअप’सारख्या साधनांनी चांगल्या लेखकाच्या हाती चांगली कुलपे दिली आहेत. दार कोणासाठी उघडायचे, हा निर्णय मात्र ‘यस’वर बोट ठेवणाऱ्याचाच राहतो. त्यासाठी लागणारे अर्धे मिनिट वाचविण्यात शहाणपण नाही.