कार्ड जुनं म्हणून नाही, कोरं राहिलं म्हणून १०० कोटींना गेलं

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा १ कोटी २६ लाख डॉलर्सना विकला गेला. तेव्हाच्या दराने साधारण १०० कोटी रुपये. टॉप्स कंपनीनं १९५२ मध्ये छापलेलं हे बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड, नंबर ३११.

आता कुणालाही वाटेल की जगात असं एकच कार्ड उरलं असणार. तसं अजिबात नाही. उलट छपाईच्या शीटवर मँटलचं कार्ड दोनदा होतं, म्हणजे त्याच मालिकेतल्या बऱ्याच खेळाडूंपेक्षा ते जास्तच छापलं गेलं. एकट्या पीएसए या कंपनीनं आजवर अशी हजाराहून जास्त कार्डं तपासली आहेत.

मग भाव कशाचा? तर अवस्थेचा.

पीएसए, एसजीसी अशा कंपन्या कार्ड भिंगाखाली तपासतात, १ ते १० मध्ये मार्क देतात आणि पारदर्शक प्लास्टिकमध्ये सीलबंद करतात. चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा उडाल्यात का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का आणि चित्र बरोबर मध्यभागी छापलंय का, हे बघितलं जातं. मँटलच्या या कार्डाला पीएसएकडून पैकीच्या पैकी मार्क मिळालेत फक्त तीनदा. १०० कोटींच्या कार्डाला एसजीसीनं ९.५ दिले होते. आणि हेच कार्ड १ मार्काचं असेल, तर गोष्ट कोटींवरून थेट हजारो डॉलर्सवर येते.

इतकी कमी का? कारण ही कार्डं जपण्यासाठी नव्हतीच. काही सेंटच्या च्युइंगमच्या पाकिटात ती मिळायची. पोरं त्यांना रबरबँड लावायची, खिशात कोंबायची, टर्रर्र आवाज यावा म्हणून सायकलच्या तारांत अडकवायची. (आपल्याकडच्या डब्ल्यूडब्ल्यूई ट्रम्प कार्डांचे कोपरे आठवा.) जे पाकिटातच राहिलं त्याला च्युइंगमचा किंवा मेणकागदाचा डाग. आणि एखादं कार्ड यातूनही वाचलं, तरी त्या काळची कटिंग मशीन इतकी ढिसाळ होती की बरीच कार्डं कारखान्यातूनच वाकडी कापलेली बाहेर पडायची. त्याला मालक तरी काय करणार!

त्यात १९५२ चा हा शेवटचा टप्पा सीझन संपत आल्यावर दुकानात आला आणि खपलाच नाही. टॉप्सचे साय बर्जर यांनी पुढे सांगितलं, की १९६० मध्ये उरलेली खोकी बार्जवर लादून त्यांनी अटलांटिक समुद्रात टाकून दिली. न उघडलेला, म्हणजे सगळ्यात कोरा माल तळाला गेला.

१०० कोटींचं कार्ड वाचलं ते निव्वळ अडगळीमुळे. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एका घरात पडून राहिलेली १९५२ ची हजारो कार्डं अ‍ॅलन रोझेन या व्यापाऱ्याच्या हाती लागली, त्यातलंच हे एक. १९९१ मध्ये ते ५० हजार डॉलर्सना विकलं गेलं होतं.

एका मार्कात एवढा पैसा असला की कात्री बाहेर येणारच. सगळ्यात गाजलेलं प्रकरण होनस वॅगनर या खेळाडूच्या कार्डाचं. १९०९ ते १९११ या काळातल्या सिगारेटच्या पाकिटातलं हे कार्ड पीएसएनं तपासलेलं पहिलं कार्ड. त्याला ८ मार्क मिळाले. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलर्सना गेलं. पुढे २०१३ मध्ये लिलाव व्यावसायिक बिल मास्ट्रो यांनी कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. म्हणजे टोकदार कोपरे नशिबाचे नव्हते, ब्लेडचे होते.

म्हणून घरात जुनी कार्डं सापडली तर पुसू नका, दाबून सरळ करू नका, कडा तर मुळीच कापू नका. आणि कुणी ‘अशी जगात फक्त इतकीच आहेत’ म्हणून भाव सांगितला, तर तो आकडाही तपासून घ्या. जास्त मार्कांच्या आशेनं लोक प्लास्टिक फोडून तेच कार्ड पुन्हा तपासायला पाठवतात आणि जुनं लेबल परत केलं नाही, तर एकच कार्ड यादीत दोनदा मोजलं जातं.