जळू द्या, मागे व्हा!

आगीची वर्दी आली की बंब सुटतो, जवान पाइप ओढत धावतात, पाण्याचा मारा सुरू होतो. अग्निशमन दल म्हटलं की आपल्याला एवढंच दिसतं. पण ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये एक ४७ मजली इमारत तासन्‌तास जळत होती, जवान हाकेच्या अंतरावर होते, आणि त्यांना हुकूम मिळाला, ‘तिच्या जवळपास फिरकायचं नाही.’

का बरं?

ही वर्ल्ड ट्रेड सेंटरची सात क्रमांकाची इमारत. शेजारच्या दोन मनोऱ्यांवर आदळलं तसं तिच्यावर विमान आदळलं नव्हतं. सकाळी १०:२८ला उत्तरेचा मनोरा कोसळला, त्याचे अवशेष तिच्या अंगावर आले आणि कितीतरी मजल्यांवर आगी लागल्या. त्यातले सहा मजले धुमसतच राहिले.

एरवी अशी आग छतातले स्प्रिंकलर आवरतात. पण मनोऱ्यांच्या पडझडीत जमिनीखालच्या जलवाहिन्या फुटल्या होत्या, आणि खालच्या २० मजल्यांच्या स्प्रिंकलरना पाणी मिळायचं ते शहराच्या याच वाहिन्यांतून. धुमसणारे सहाही मजले नेमके त्यांतलेच! पाण्यासाठी हडसन नदीत अग्निशामक नौका आणाव्या लागल्या. त्यांत १९३१ सालची, केव्हाच सेवानिवृत्त झालेली ‘जॉन जे. हार्वी’सुद्धा धावून आली. पण ढिगाऱ्याभोवती पाणी हवं होतं दहा ठिकाणी.

आणि माणसं? दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले. प्रमुख पीटर गॅन्सीही गेले. त्यांची जागा घेतली डॅनियल निग्रो यांनी, ढिगाऱ्यातच उभं राहून.

आता निग्रोंच्या जागी उभे राहा. अशा वेळी पहिला सवाल आगीचा नसतोच. तो असतो, आत कुणी आहे का? वाचवण्याजोगा जीव आत असेल, तर जवान आपला जीव धोक्यात घालतात. नुसती मालमत्ता असेल, तर बेतानं. आणि वाचवण्यासारखं काहीच उरलं नसेल, तर मुळीच नाही. सात नंबरची इमारत दुपारपर्यंत रिकामी झाली होती.

मग दुसरा सवाल. ही उभी राहील का? भिंतीकडे बघून ते कसं सांगायचं? जमीन मोजणारे तिपाईवर दुर्बीण लावतात ना, तशी मोजणीची दुर्बीण जवानांनी इमारतीवर रोखली. नैर्ऋत्य कोपऱ्यात दहाव्या ते तेराव्या मजल्यांदरम्यान फुगवटा दिसत होता. आतून करकर ऐकू येत होती. इमारत बोलत होती, आणि ते ऐकणारे कान तिथे होते!

निग्रोंनी भोवतालचा परिसर रिकामा करायला सांगितलं. हा हुकूम किती जड असेल! शेजारच्याच ढिगाऱ्यात त्यांचे साथीदार गाडलेले होते, आणि शोध घेणाऱ्यांना तिथून ओढून काढायचं होतं.

संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी इमारत कोसळली. तिच्याखाली एकही माणूस सापडला नाही.

ती का पडली, हे अमेरिकी सरकारच्या तपासातून पुढे यायला २००८ साल उजाडलं. पोलाद वितळलं नव्हतं, नुसतं तापून लांबलं होतं. उन्हात रूळ लांबतात म्हणून पूर्वी रेल्वे त्यांच्यात फट ठेवायची. इथल्या तुळयांना फट कुठली? त्यांनी तेराव्या मजल्याची एक मुख्य तुळई ढकलत बैठकीवरून खाली पाडली. मजल्यावर मजला कोसळला, ७९ क्रमांकाचा खांब आधाराविना वाकला, आणि त्याच्यामागे सगळी इमारत गेली. त्या दुपारी हे गणित कुणाच्या हाती नव्हतं. तरी उत्तर बरोबर आलं.

वेळेत मागे हटण्याचा निर्णय नेहमीच होतो असं नाही. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. आग विझवताना झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामक गेले. १४ एप्रिल म्हणूनच आपला अग्निशमन सेवा दिन.

तेव्हा तुमच्या इमारतीत कधी आग लागलीच, तर बाहेर पडा आणि बंबासोबत आलेल्या अधिकाऱ्याला आधी गाठा. आत कोण अडकलंय, कुठल्या मजल्यावर, सिलिंडर कुठे ठेवलेत, हे त्याला सांगा. आत शिरायचं की नाही, हे तो त्यावरच ठरवणार आहे.