सायकलस्वाराचे कपडे आणि आपले अल्टरचे काम

रेडिमेड आल्यापासून शिलाईचे काम आटले, हे टेलर बंधूंना नव्याने सांगायला नको. राहिले ते अल्टर. त्यात आता सायकलस्वाराचे कपडेही येऊ लागले आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी ती २०१५ साली जोडीने पुरी केली होती. लांब पल्ल्याची सायकल आता विदर्भाला अनोळखी नाही. हे शौकीन जर्सी आणि पॅडची चड्डी घरपोच मागवतात, माप चुकते, आणि कपडा आपल्या काउंटरवर येतो. पुष्कळ कारागीर तो हात न लावता परत करतात. माझ्या मते ही हातची मजुरी सोडणे आहे.

मात्र हा शर्टिंगचा माल नव्हे. जर्सी पॉलिएस्टरच्या होजिअरीची, चड्डी बहुधा नायलॉन-लायक्राची. साध्या सुईने यातला धागा तुटतो आणि पुढे भोके पडून उसवत जाते. म्हणून बॉलपॉइंट सुई घ्यावी. सरळ टाका कपडा ताणला की तुटतो. ओव्हरलॉक उत्तम. तो नसेल तर साडीला पिको करणारे मशीन झिगझॅगच असते, त्यावर बारीक टाका टाकून काम भागते. आधी कात्रणावर शिवून दोन्ही हातांनी ओढून पाहावे.

खरी चूक मापात होते. गिऱ्हाईक सरळ उभे करून पिना लावल्या की काम फसले समजा. राजूर घाट चढणाऱ्याची पाठ वाकलेली आणि हात पुढे असतात. म्हणून त्याला सायकलवर बसवावे, नाहीतर काउंटरवर हात टेकवून वाकवावे, मग पिना लावाव्यात. जर्सी मागून लांब असते ती मुद्दाम. ‘बरोबर’ करण्यासाठी कापू नये. सैलपणा बगलेखालच्या शिवणीतून काढावा, दोन्ही बाजूंनी सारखा, नाहीतर मागचे खिसे एका अंगाला जातात. आधी कच्चा टाका घालून द्यावा, एक फेरी मारून येऊ द्यावे, मगच पक्के करावे.

चड्डीत पॅडला आणि मांडीच्या आतल्या शिवणीला हात लावू नये. तिथे जाड शिवण आली की खोगिरावर घासून जखमा होतात. कंबरेचे इलॅस्टिक बदलता येते, मांडीवरची पट्टी रुतत असेल तर उसवून रुंद लावता येते. पण चड्डी घट्ट असेल तर ती सैल होत नाही, कारण ओव्हरलॉकच्या शिवणीत मार्जिनच नसते. हे तोंडावर सांगून कपडा परत द्यावा. गुडघे उघडे नको असणाऱ्याला थ्री-फोर्थ मागवायला सांगावे, किंवा वरून सैल पॅन्ट शिवून द्यावी. तेही कामच आहे.

मजुरी आधी ठरवावी. पॅन्टची लांबी कमी करण्याच्या दरात हे परवडत नाही. उसवायलाच निम्मा वेळ जातो. आणि शेवटी सवयीने गरम इस्त्री फिरवू नये. पॉलिएस्टर चमकते, लायक्राचा ताण मरतो, आणि भरपाई आपल्याच खिशातून जाते.