दट्ट्या नसलेली सुई

काही रोगजंतू आपल्या पेशीत प्रथिनं टोचतात, असं सांगितलं की डोळ्यांसमोर दवाखान्यातली सिरिंज येते. आत पातळ औषध, मागे दट्ट्या. या चित्रातली सुई तेवढी खरी आहे. साल्मोनेला जिवाणूची सुई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, त्याचा वृत्तान्त १९९८ साली प्रसिद्ध झाला. दट्ट्या मात्र तिथे नाही. सुईचं भोक जेमतेम २ ते २.५ नॅनोमीटरचं, घड्या पडलेलं प्रथिन त्यातून जाणारच नाही. म्हणून तळाशी बसलेलं विकर एटीपी खर्चून त्या घड्या उलगडतं आणि सुईत दोरा ओवावा तसं प्रथिन पलीकडे जातं. तिकडे पुन्हा घड्या पडल्या की ते कामाला लागतं.

हे काम म्हणजे पेशी मारणं, हा त्याहून मोठा गैरसमज. साल्मोनेलाचं 'सोप-ई' प्रथिन पेशीच्या सांगाड्याची कळ दाबतं. पेशीचा पृष्ठभाग उसळतो आणि ती स्वतःच जिवाणूला पोटात घेते. मग त्याच सुईतून आलेलं 'एसपीटी-पी' ती कळ बंद करतं, पृष्ठभाग पूर्ववत होतो. पेशी मोडली तर जिवाणूने राहायचं कुठे?

मला सर्वात थक्क करते ती तान्ह्या बाळांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायची गोष्ट. हा जिवाणू आतड्याच्या पेशीवरच्या ज्या प्रथिनाला घट्ट चिकटतो, ते पेशीचंच आहे असं संशोधकांनाही वाटत होतं. व्हँकुव्हरमध्ये ब्रेट फिनले यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की ते प्रथिन, 'टिर', जिवाणूच आत पाठवतो. ते पेशीच्या पटलात रुतून बसतं आणि जिवाणू त्यालाच धरतो. पाहुण्याने स्वतःची खुंटी आणून यजमानाच्या भिंतीत ठोकावी, तसं.

सगळीच जंतुविषं मात्र अशी टोचली जात नाहीत. पटकीचं विष जिवाणू बाहेर सोडतो, ते स्वतःच पेशीला धरून आत शिरतं.

आणि सुई फक्त माणसा-जनावरांसाठी असते, असंही नाही. डाळिंबावरचा तेल्या आपल्या बागायतदारांना वेगळा सांगायला नको. त्याचा जिवाणू, झँथोमोनास, पानातल्या पेशींच्या बाहेरच राहतो आणि तिथून आत प्रथिनं टोचतो. त्यातलं 'झॉप-एन' नसलेला जिवाणू प्रयोगात पानात सोडला, तेव्हा झाडाने पेशीभित्तीवर कॅलोजचा संरक्षक थर अधिक चढवला आणि जिवाणूची वाढ मंदावली.