खरवईतला फाल्गुन

माघ सरून फाल्गुन लागला, म्हणजे बदलापूरच्या पूर्व अंगाला वसलेल्या खरवईसारख्या गावात असे काही दिवस येतात, की ज्यांना हिवाळा म्हणावे तर दुपार कबूल होत नाही आणि उन्हाळा म्हणावे तर पहाट मान्यता देत नाही. शेजारी अंबरनाथला, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख अंगी बाळगणाऱ्या शिलाहारकालीन शिवालयाभोवती भरलेली महाशिवरात्रीची जत्रा उठून गेलेली असते. होळीला अवकाश असतो. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे घरोघरचे आवाज थोडे खाली आलेले असतात. आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात छापण्याजोगे काहीही नसलेला एखादा मंगळवार कुणाच्या लक्षातही न येता निघून जातो. या दिवसांविषयी मला फार आत्मीयता वाटते. सणाच्या दिवशी माणूस सणाकडे पाहतो; पण अशा रिकाम्या दिवशी सूर्य, वारा, नदी, झाड आणि सरकार यांतील प्रत्येक जण आपापल्या पंचांगाप्रमाणे कसा चालतो, हे निवांतपणे न्याहाळता येते, आणि ही पंचांगे एकमेकांशी क्वचितच जुळतात.

पहिला प्रश्न ऋतूचाच. चैत्र-वैशाख वसंत, असे आपण शाळेत पाठ केले. त्या हिशेबाने फाल्गुन हा शिशिराचा उत्तरार्ध ठरतो. परंतु भारत सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने आपल्या १९५५ च्या अहवालात वसंताचे महिने फाल्गुन आणि चैत्र असे धरले, आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या मुळाशी हीच गणना आहे. तिच्यानुसार फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच वसंत सुरू होतो. या मतभेदाचे कारण पृथ्वीच्या आसात आहे. तो आस भोवऱ्यासारखा अत्यंत संथपणे डुलतो, त्यामुळे संपातबिंदू दर ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो, आणि नक्षत्रांवर बांधलेले महिने व सूर्याने घडवलेले ऋतू यांच्यात गेल्या दीड हजाराहून अधिक वर्षांत सुमारे चोवीस दिवसांची तफावत पडली आहे. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे सायन पक्षाचे अभिमानी होते. ऋतूला सोडून गेलेला महिना त्यांना मान्य नव्हता. खरवईच्या बाजूने साक्ष द्यायची झाली तर ती मी निःसंशय याच पक्षाला देईन, कारण येथील काटेसावर चैत्राची वाट पाहत नाही.

ऋतूप्रमाणे वेळेचेही आहे. आपले प्रमाणवेळेचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले, तर खरवई ७३ अंशांच्या किंचित पुढे. म्हणून सूर्य येथे त्या रेषेपेक्षा सुमारे सदतीस मिनिटे उशिरा माथ्याकडे येतो. त्यात मार्चच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या आणखी अकरा-बारा मिनिटे मागे असतो. परिणाम असा, की कारखान्याचा भोंगा बाराला वाजतो तेव्हा खरी मध्यान्ह अद्याप यायची असते. ती येते पाऊण वाजून गेल्यावर. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला आपला स्वतःचा ‘मुंबई टाइम’ कैक वर्षे जपला आणि तो पुरता मावळायला १९५५ साल उजाडावे लागले. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली आणि १८५६ साली कल्याणहून खोपोलीपर्यंत पोहोचलेली आगगाडी या मुलखातून धावू लागली, तेव्हापासून येथील माणसाची सकाळ सूर्याच्या हाती राहिली नाही. आजही या दिवसांत सूर्य उगवतो सातच्या सुमारास, आणि तोवर बदलापूर स्थानकावरून मुंबईकडे गेलेल्या लोकलगाड्यांनी खरवईतील कितीतरी घरांतली माणसे केव्हाच उचलून नेलेली असतात.

दुपारचा कारभार वाऱ्याच्या हाती. बदलापूरचे ऊन मुंबईकरांना खोटे वाटावे इतके कडक असते, आणि त्याची कारणमीमांसा मोठी मनोरंजक आहे. फाल्गुनात सकाळी वारा पूर्वेकडून, म्हणजे घाटमाथ्यावरून, वाहतो. सह्याद्रीवरून खाली उतरणारी कोरडी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरच्या उतारास सुमारे दहा अंशांनी तापते. दक्षिणेकडे माथेरानच्या डोंगररांगेचा अडसर, समुद्र पुष्कळ दूर, आणि दुपारी समुद्रावरून निघालेला खारा वारा येथवर पोहोचेपर्यंत उन्हाने आपले काम उरकलेले. ज्या दिवशी पूर्वेचा वारा हट्टाला पेटतो आणि समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो, त्या दिवशी खुद्द मुंबईचीही सुटका होत नाही: सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले, आणि ते मार्चमधले, मे महिन्यातले नव्हे. मे महिन्यात समुद्राचा वारा लवकर सुटतो, हवा दमट होते, घाम येतो, पण पारा तितका चढत नाही. म्हणून कोकणपट्टीत कोरड्या उष्म्याचा खरा महिना फाल्गुन-चैत्र हाच. बदलापुरात काही हौशी मंडळी स्वतःच्या गच्चीवर उपकरणे लावून वर्षानुवर्षे तापमानाची टिपणे ठेवतात. त्यांच्या या चिकाटीचे मोल शासकीय वेधशाळेच्या नोंदींइतकेच आहे, असे मी मानतो.

या कोरड्या हवेचा उपयोग घरातल्या बायका फार पूर्वीपासून जाणतात. पापड, कुरडया, सांडगे, मसाल्याच्या मिरच्या यांचे वाळवण गच्चीवर येते ते याच दिवसांत, कारण पुढे हवेत ओल शिरली की तेच वाळवण दुप्पट दिवस घेते.

नदीची गोष्ट याहून अद्भुत. पावसाळा संपून पाच महिने झाले, डोंगरातले ओहोळ आटले, तरी बदलापूरजवळ उल्हास नदी वाहती असते आणि तिच्यावरच्या बंधाऱ्यातून पिण्याचे पाणी उचलले जाते. हे पाणी येते कोठून? घाटावर मावळात ठोकरवाडी येथे आंध्रा नदीवर धरण आहे. आंध्रा ही इंद्रायणीला मिळणारी. तिचे पाणी निसर्गक्रमाने भीमेतून, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जायचे. टाटांच्या वीजयोजनेने ते अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून पश्चिमेस भिवपुरीला उतरवले, १९२२ पासून त्यावर वीज तयार होऊ लागली, आणि जनित्रे फिरवून मोकळे झालेले ते पाणी उल्हासच्या पात्रात सोडले जाऊ लागले. म्हणजे फाल्गुनातल्या एखाद्या सकाळी या पट्ट्यात कोणी नळाखाली घागर धरतो, तेव्हा त्या पाण्यात पूर्वेच्या सागराकडे निघालेल्या एका नदीचा अंश असतो. औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले बारवी धरण हा दुसरा आधार. पण त्याचा साठा जूनपर्यंत पुरवायचा असल्यामुळे मोजून खर्चण्याची चिंता मार्चमध्येच सुरू होते.

आता झाडांकडे वळतो, आणि येथे जरा रेंगाळण्याची वाचकांनी मला मुभा द्यावी. काटेसावर, पांगारा आणि पळस ही तिन्ही झाडे पाने टाकून देऊन लाल-केशरी फुलतात. हा केवळ शोभेचा थाट नव्हे. मधमाशीला तांबडा रंग नीटसा ओळखता येत नाही, पाखरांना तो लांबून दिसतो. आणि या फुलांतला मकरंद प्यायला मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर यांची झुंबड उडते ती पानांचा आडपडदा नसल्यामुळेच. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या भोरड्या, ज्यांना पळसमैनाही म्हणतात, परतीच्या प्रवासाआधी या फुलांवर तुटून पडतात. काटेसावरीचे हलके, मऊ लाकूड भारतात आगपेटीच्या काड्यांसाठी फार वापरले गेले, आणि अंबरनाथ हे गाव विम्कोच्या आगपेटी कारखान्यामुळे कित्येक दशके देशभर ओळखले जात होते. त्यामुळे या परिसरात सावरीचे झाड पाहताना माझ्या मनात काडेपेटी आल्यावाचून राहत नाही.

याहून मोठे कोडे पालवीचे. जमीन तापलेली, पाऊस तीन महिने दूर, आणि नेमक्या याच वेळी पिंपळाला तांबूस पाने फुटतात, कुसुंब लालभडक होतो, करंजावर कोवळी हिरवी लकाकी येते. ही झाडे पाण्याची वाट न पाहता दिवसाच्या लांबीकडे पाहतात, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. आपल्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. मार्चमध्ये दिवस रोज साधारण एका मिनिटाने वाढतो, आणि ही मिनिटभराची वाढ झाडाला कळते. पाणी असते खोल गेलेल्या मुळांच्या आवाक्यात आणि खोडात साठवलेले. पाऊस सुरू होईल तेव्हा पाने पूर्ण वाढून कामाला तयार असावीत, अशी ही पूर्वतयारी. कोवळ्या पानाचा तांबडा रंग त्याला प्रखर उन्हापासून जपतो. जांभूळही याच सुमारास मोहरण्याच्या बेतात असते. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मे-जूनमधल्या फळाची मुहूर्तमेढ या दिवसांत रोवली जाते. तांबटाचा ठोका दुपारभर चालू असतो. कोकीळ मात्र अजून घसा साफ करत असतो, कारण ज्यांच्या घरट्यात त्याच्या मादीला अंडी घालायची, त्या कावळ्यांनी काड्या गोळा करायला अद्याप सुरुवात केलेली नसते.

झाडांचे वर्ष असे आरंभ पावत असताना माणसांची वर्षे संपत असतात. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, आणि मार्च हा सरकारी वर्षाचा. १८६७ पासून सरकारी खजिन्याचा हिशेब १ एप्रिलला सुरू होतो. म्हणून फाल्गुनात नगरपालिकेच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीचे तगादे दारोदार येतात आणि कचेऱ्यांतून दप्तरांची उलथापालथ चालते. महसूलखात्याचे वर्ष आणखी निराळे, १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे. आणि शिवकालीन कागदपत्रांत आढळणारा सुहूर सन तर मृग नक्षत्राबरोबर बदलायचा, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. मला या सर्वांत मृगसालच अधिक शहाणे वाटते. ज्या मुलखाचा सारा भातावर वसूल व्हायचा, त्याचे वर्ष पहिल्या पावसाबरोबर उघडणे यात मोठा विवेक होता.

त्या भाताची तयारीही फाल्गुनातच सुरू होते. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत भाताच्या रोपवाफ्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पातेरा, गवत आणि वर मातीचा पातळ थर अशी रचना करून ती जाळतात. याला राब म्हणतात. त्या आगीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राख खताचे काम करते. डहाळ्यांसाठी जंगलात जाणाऱ्या कुणब्याशी आणि आगऱ्याशी इंग्रजी जंगलखात्याचा इतका तंटा वाढला, की १८८५ साली ठाणे आणि कुलाबा (आजचे रायगड) या भागासाठी मुंबई सरकारला खास वनआयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. शेतकऱ्याच्या लेखी पातेरा म्हणजे पुढच्या सालचे पीक होते. खात्याच्या लेखी ती जंगलाची नासाडी होती. आज खरवईच्या आसपास वाफ्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, राब भाजणारी घरे कमी होत चालली आहेत, आणि झाडांचा तोच पाचोळा रस्त्याकडेला झाडून, नुसताच पेटवून दिला जातो. त्याचा धूर घराघरांत शिरतो आणि राख कुणाच्याच शेतात जात नाही. जेथे वाफा उरलेला आहे तेथे हा पाचोळा पोहोचवण्याची, आणि जेथे नाही तेथे खड्ड्यात कुजवून त्याचे खत करण्याची व्यवस्था नगरपालिकेने व गृहसंस्थांनी मिळून याच महिन्यात करावी, कारण पानगळ आता पंधरा-वीस दिवसच चालणार आहे.