एकरी गोणी बरोबर, तरी गहू पट्ट्यापट्ट्यांनी पिवळा का? खत फोकणाऱ्या यंत्राचे गणित समजून घ्या

गव्हाला एकरी एक गोणी युरिया मोजून दिला. तरीही काही दिवसांनी शेतात एक पट्टा गडद हिरवा आणि शेजारचा पिवळट दिसतो. कळंब तालुक्यात विहिरीच्या किंवा बेंबळा कालव्याच्या पाण्यावर गहू घेणाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या यंत्राने खत फोकताना हे टाळता येते. त्यासाठी दोन सोप्या चाचण्या पुरेशा आहेत.

नुकसान काय होते?
४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. शेतात कुठे दीडपट आणि कुठे निम्मेच नत्र पडले, तर एकराची सरासरी बरोबर येते, पण पीक सरासरीवर वाढत नाही. जास्त नत्राच्या पट्ट्यात गहू माजून लोळतो, तर कमी नत्राच्या पट्ट्यात फुटवे कमी येतात.

पट्टे का पडतात?
यंत्राची फिरती चकती ट्रॅक्टरच्या मागे जास्त आणि कडेला कमी खत टाकते. त्यामुळे शेजारच्या फेरीतील खत त्या कडेवर पडणे गरजेचे असते. फेऱ्या लांब गेल्या तर मधला पट्टा उपाशी राहतो, जवळ आल्या तर खत दुप्पट पडते.

चाचणी १ : दोन फेऱ्यांत अंतर किती?
- वारा नसताना यंत्राच्या वाटेला आडवी, एक-एक मीटरवर सारख्या मापाची घमेली ठेवा. चाकांची वाट मोकळी सोडा.
- दाणे उसळून बाहेर जाऊ नयेत म्हणून तळाशी कापड अंथरा.
- त्याच वाटेने, त्याच दिशेने तीन-चार वेळा यंत्र चालवा.
- प्रत्येक घमेल्यातील खत सारख्या बाटल्यांत भरून ओळीने ठेवा.
- मधल्या बाटलीच्या निम्मे खत जिथे भरते, ते अंतर मध्यापासून मोजा. त्याची दुप्पट म्हणजे दोन फेऱ्यांतील अंतर.

डावी-उजवी बाजू सारखी नसेल, तर यंत्र तिरपे आहे का आणि चकतीवरील पाती झिजली आहेत का, ते पाहा.

चाचणी २ : एकरी किती पडते?
समजा फेऱ्यांतील अंतर १० मीटर निघाले. खत मोजून भरा, १०० मीटर चालवा आणि उरलेले वजन करा. हे क्षेत्र १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पाव एकर होते. एकरी ५० किलो हवे असेल, तर येथे सुमारे १२.४ किलो खत संपायला हवे. कमी-जास्त झाल्यास तोंड बदलून पुन्हा मोजा.

शेतात काय पाळावे?
- गिअर आणि इंजिनाचे फेरे बदलू नका. वेग दुप्पट झाला तर एकरी खत निम्मे पडते.
- धुऱ्याजवळ वळताना तोंड बंद करा.
- युरिया आणि डीएपी एकत्र फोकू नका. युरियाचा हलका दाणा जवळ पडतो, डीएपीचा जड दाणा लांब जातो.
- ओलसर, गोळे झालेला युरिया भरू नका. ओल्या पानांवरही फोकू नका.
- युरिया फोकल्यावर लवकर पाणी द्या. उघड्यावर राहिल्यास नत्र हवेत उडून जाते.

उभ्या कपाशीत मात्र फोकण्यापेक्षा तासाच्या कडेने, झाडाजवळ मातीआड खत देणेच फायद्याचे.