वेड आणि लग्न

सकाळी ७. देवपुरातून पांझरेच्या पुलापर्यंत चालून आलो. घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर रात्री लावलेला बिल्ड पडलेला. पुण्याची टीम दहाला हजर होते.

८.३०. पहिली एरर सोपी: हेडर फाइल सापडत नाही. माझ्या मशीनवर आहे, सर्व्हरवर नाही. म्हणजे ते पॅकेज मी कधीतरी हाताने टाकलं आणि यादीत लिहायचं राहिलं. उबुंटूवर लायब्ररी एका पॅकेजात, तिची हेडरं बहुधा वेगळ्या ‘-डेव्ह’ पॅकेजात. यादीत एक ओळ वाढवली.

१०. आता खरं दुखणं. बिलाचं हेडर कस्टमरचं हेडर मागतं, कस्टमरचं बिलाचं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. इन्क्लूड गार्डमुळे गरगर थांबते, पण दुसऱ्या फेरीला कंपायलरच्या हाती कोरं पान येतं. गंमत अशी, की ज्या फाइलीत बिल आधी, तिथे तो विचारतो, ‘बिल’ कोण? जिथे कस्टमर आधी, तिथे ‘कस्टमर’ कोण? आधी आला तोच अनोळखी.

११.३०. उतारा एका ओळीचा. बिलात कस्टमरचं अख्खं हेडर न आणता नुसतं ‘क्लास कस्टमर;’ लिहिलं. असा कोणी आहे, एवढंच कळवायचं. पॉइंटरला तेवढं पुरतं. त्याचा आकार ठरलेला असतो. कस्टमरच्या आत डोकावणारी फंक्शनं मात्र .सीपीपी फाइलीत हलवावी लागली.

१.३०. आईची हाक, “जेवाले ये.” कळण्याची भाकरी, शेवभाजी.

३. कंपाइल झालं, तर लिंकर अडला: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. दोन स्टॅटिक लायब्रऱ्या एकमेकींत गुंतलेल्या. आमचा लिंकर यादी डावीकडून उजवीकडे वाचतो, मागे वळत नाही. पहिलीचं नाव शेवटी पुन्हा लिहिलं. बिल्ड हिरवा.

५. उठता आलं असतं. पण यादीत एकच नाव दोनदा दिसलं, की पुढचा माणूस चूक समजून खोडणार आणि त्याची रात्र जाणार. दुसरीला पहिलीतलं नेमकं हवंय काय, ते शोधलं. पैसे पूर्णांकात आणणारी दोन फंक्शनं, बस! तीच पहिलीलाही लागतात. ती काढून तिसऱ्या लायब्ररीत ठेवली आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं नाव मीच खोडलं.

७. बिल्ड फोल्डर पार पुसून पहिल्यापासून लावला. जुन्या फाइलींच्या जिवावर पास झालेला बिल्ड आम्ही धरत नाही. १९ मिनिटांनी हिरवा. लॅपटॉप मिटला.